याओझोउच्या कोरीव भांड्यांची झिलई

७. खाचांत साचलेला हिरवा : लेखकाच्या मनात येथे चीनच्या शान्शी प्रांतातील याओझोउ भट्ट्यांची भांडी आहेत. उत्तर सोंग काळात (960–1127) ही कला तिथे ऐन भरात होती. कारागीर अर्धवट सुकलेल्या मातीत पाते तिरके धरून पाकळ्या कोरीत. त्यामुळे खाचेची एक कड उभी राही, दुसरी हळूहळू वर चढे. वर लावलेली झिलई पारदर्शक असे. तिच्यातले थोडेसे लोह, भट्टीत प्राणवायू कमी ठेवल्यामुळे, ऑलिव्हसारखा हिरवा रंग देई. वितळलेली झिलई उभ्या कडेशी दाट साचून गडद होते, उंचवट्यावर विरळ राहून फिकी दिसते. एकाच झिलईतून उमटणाऱ्या या छटा निव्वळ थराच्या जाडीच्या आहेत, आणि मला तरी कोरीव कामाला याहून शोभणारी झिलई माहीत नाही. कथिल घातलेली अपारदर्शक पांढरी झिलई रंगीत चित्रकारीला उत्तम. नाजूक कोरीव रेघ मात्र ती बुजवून टाकते. उत्तर प्रदेशातील निजामाबादच्या काळ्या भांड्यांची रीत निराळी : तिथे काचेची झिलई नसते, भाजण्याआधी नक्षी कोरतात आणि भाजून झाल्यावर रेघांत चंदेरी भुकटी भरतात.