द्रव्याची वाट: कोकणच्या आगबोटीपासून वसईच्या पेढीपर्यंत



जुबिलीनिमित्त आपल्या धर्मग्रामात जो निधी जमला, तो कोठे ठेवावा याविषयी मागील सभेत बराच खल झाला. जेथे व्याज अधिक तेथे ठेवावा, असे बहुतेकांचे मत पडले. ते मत खोडून काढण्यासाठी मी लेखणी उचलली आहे असे कोणी समजू नये. परंतु या प्रश्नास मोठा इतिहास आहे, आणि तो आपल्या किनाऱ्यावरूनही गेलेला आहे. म्हणून त्यातील काही भाग येथे सांगण्याचे योजिले आहे.

व्याज घेणे हेच मुळी पाप, असे ख्रिस्तसभेत कित्येक शतके शिकविले जात असे. ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन धर्मपरिषदेने तर उघड सावकारी करणाऱ्यास ख्रिस्ती दफनही नाकारले. पुढे १४६२ मध्ये इटलीतील पेरूजा नगरात फ्रान्सिस्कन संन्याशांच्या खटपटीने गरिबांस अल्प दराने तारणावर कर्ज देणारी पेढी निघाली. १७४५ मध्ये चौदावे बेनेडिक्ट यांनी असा निवाडा दिला की, केवळ उसने दिल्याबद्दल अधिक घेणे गैर. परंतु प्रामाणिक उद्योगात घातलेल्या पैशावर नफा घेण्यास हरकत नाही. सेमिनरीत आम्हांस हे सर्व घोकावे लागे. वाचकांस त्याचा अधिक भार नको.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली ती १९९८ साली. त्यापूर्वी कैक पिढ्यांचा मुंबईचा रस्ता समुद्रावरूनच गेला. आगबोट बंदराबाहेर उभी राही आणि उतारूंनी पडावात बसून, लाटांवर हेलकावे खात तिच्यापर्यंत जावे, असा क्रम होता. या मार्गावर बॉम्बे स्टीम नेव्हिगेशन कंपनीचे मोठे वर्चस्व होते. तेव्हा काही स्वदेशाभिमानी मंडळींनी इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नेव्हिगेशन कंपनी काढली. एवढे लांब नाव कोणाच्या तोंडी बसणार? लोक तिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणू लागले. तिच्या बोटींस ‘तुकाराम’, ‘रामदास’ अशी संतांची नावे असत. ‘माझी’ या एका शब्दात केवढा जिव्हाळा होता! आपले भाडे आपल्या माणसांच्या हाती जावे, ही त्यामागची भावना खरोखर उदात्त होती.

असेच साहस दक्षिणेत तुतिकोरिन येथे व्ही. ओ. चिदंबरम् पिल्ले यांनी १९०६ साली केले. दहा लक्षांचे भांडवल, पंचवीस रुपयांचा एक याप्रमाणे चाळीस हजार भाग, अशी त्यांच्या कंपनीची रचना होती. १९०८ मध्ये सरकारने त्यांस तुरुंगात धाडले आणि १९११ मध्ये कंपनी मोडली. तिची एक बोट प्रतिस्पर्धी इंग्रज कंपनीनेच विकत घेतली, हे वाचताना आजही मन विषण्ण होते.

आपल्या ‘माझी आगबोट’ची कथा निराळ्या रीतीने दुःखद आहे. १९२७ च्या नोव्हेंबरात ‘जयंती’ व ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच वादळात गेल्या. १७ जुलै १९४७ रोजी, ऐन पावसाळ्यात मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बुडाली व सहाशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. मुंबईस वार्ता कळण्यास कित्येक तास लागले. वादळ कोणाच्या हातचे नसते, हे मान्य. पण बोटीवर संदेशयंत्र का नाही, पावसाळ्यात ती का सोडावी, हे प्रश्न वादळाचे नव्हेत. ते मालकांचे आहेत; आणि जो भाग घेतो तो, कितीही लहान असला तरी, मालकच होय.

हे मी इतरांस शिकवितो असे नाही. काही वर्षांपूर्वी, किनाऱ्यावरील दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, शाळेच्या इमारतीचा निधी मी एका पतसंस्थेत ठेविला. शेकडा एक रुपया अधिक मिळतो, एवढेच पाहिले. पुढे एका मच्छीमार विधवेने मला सांगितले की, त्या संस्थेतून कर्ज घेणारा व्यापारीच तिच्या घरास उचल देतो आणि त्यापायी मासळी पडत्या भावाने उचलून नेतो. आमच्या शाळेचा पैसा फिरून आमच्याच घरांवर कर्ज होऊन बसला होता! मी तो काढून घेतला. वर्षाचे व्याज बुडाले. त्या बाईचे कर्ज मात्र त्याने फिटले नाही.

ज्या धर्मगुरूंनी हा प्रश्न माझ्याहून अधिक शहाणपणाने हाताळला त्यांचे स्मरण येथे करणे उचित होय. रांचीकडे येशूसंघीय फादर हॉफमन यांनी १९०९ मध्ये छोटा नागपूरच्या आदिवासींसाठी सहकारी पतपेढी काढली. जर्मनीत राइफायझेन यांनी घालून दिलेला धडा त्यांच्यासमोर होता: कर्ज घेणारा व ठेव ठेवणारा एकमेकांस ओळखणारे असावेत. महायुद्धात जर्मन म्हणून हॉफमन यांस हा देश सोडावा लागला, पण संस्था राहिली. वसईत, पापडी येथे, ६ फेब्रुवारी १९१८ रोजी मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी जी पेढी स्थापिली, ती पुढे बसीन कॅथॉलिक सहकारी बँक म्हणून नावारूपास आली. गावकऱ्यांची ठेव गावकऱ्यांच्याच गरजेस लागावी, ही साधी गोष्ट. परंतु ज्यास सावकाराच्या ओसरीवर बसावे लागते त्यास तिचे मोल कळते.

भांडवल कोठे घालावे ही निवडच नीतीची निवड आहे, असे जॉन पॉल दुसरे यांनी १९९१ च्या परिपत्रकात लिहिले. २०२२ मध्ये परमगुरुपीठाच्या सामाजिक शास्त्रांच्या अकादमीने कॅथॉलिक गुंतवणूकदारांसाठी मार्गदर्शिकाही प्रसिद्ध केली. वसईकरांनी मात्र १९१८ मध्ये कोणत्याही मार्गदर्शिकेची वाट पाहिली नाही.

आपल्या खजिनदारांनी तीन पेढ्यांस पत्रे धाडून विचारले आहे की, आमची ठेव आपण कोणास व कोणत्या कामासाठी कर्ज देता? दोघांची उत्तरे आली. एकीने केवळ व्याजाचा दर कळविला. दुसरीने कर्जांचे प्रकार व दर यांची यादी पाठविली. तिचे व्याज अर्ध्या टक्क्याने कमी आहे. तिसरीचे उत्तर आले की येत्या रविवारी मिस्सानंतर सभा भरेल.