कॅप्टन कोण? मुंबईचा शंभर वर्षांपूर्वीचा वाद

२०२४ची आयपीएल आठवते? मुंबई इंडियन्सनं रोहित शर्माला बाजूला करून हार्दिक पांड्याला कॅप्टन केलं आणि वानखेडेवर आपल्याच टीमच्या कॅप्टनची हुर्यो उडाली. मुंबई तळाला राहिली. सीझन संपल्यावर लालबागच्या चाळीपासून दादरच्या कट्ट्यापर्यंत सगळीकडे एकच विषय होता: कॅप्टन कोण असायला हवा होता? मग जूनमध्ये भारतानं टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकला, जुलैत त्याच वानखेडेवर हार्दिकच्या नावाचा जयघोष झाला आणि वाद विरला. तीन महिन्यांत सगळं माफ.

याच परिसरात कॅप्टनवरून झालेला आणखी एक वाद मात्र दहा-बारा वर्षं चालला. वानखेडेवरून गिरगाव चौपाटीच्या दिशेनं चालत गेलात तर वाटेत जिमखाने लागतात: पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना, हिंदू जिमखाना. चर्नी रोड ते मरीन लाइन्स लोकलमधून जाताना खिडकीतून ही मैदानं दिसतात. आज तिथं लग्नाचे मांडव पडतात, कोचिंगची नेट्स लागलेली असतात. ही नावं मी लहानपणापासून वाचत आलोय, पण एका ओळीत धर्मांच्या नावाचे क्लब का, हा प्रश्न मला फार उशिरा पडला.

उत्तर सरळ आहे. त्या काळी मुंबईतलं सगळ्यात मोठं क्रिकेट धर्माच्या नावानं खेळलं जायचं. १८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी असे सामने होत. १९०७ मध्ये हिंदू आले आणि स्पर्धा तिरंगी झाली. १९१२ मध्ये मुस्लिम संघ आला, चौरंगी झाली. १९३७ मध्ये ख्रिस्ती आणि इतरांचा ‘द रेस्ट’ नावाचा संघ आला, पंचरंगी झाली. राज्याराज्यांची रणजी करंडक स्पर्धा १९३४ मध्ये सुरू झाली, तरी मुंबईकर प्रेक्षक गर्दी करायचा तो पंचरंगीला. आज आपण जशी टीमची जर्सी निवडतो तशी निवड तिथं नव्हती. तुमचा संघ तुमच्या जन्माबरोबर ठरलेला असायचा.

यातल्या हिंदू संघाचा सगळ्यात मोठा बॉलर होता पालवणकर बाळू. जन्म १८७६चा. जातीनं चांभार, म्हणजे त्या काळच्या भाषेत अस्पृश्य. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात पिच रोल करणं आणि नेटमध्ये साहेबांना बॉलिंग टाकणं ही त्याची नोकरी. जे. जी. ग्रेग नावाचा तिथला मोठा बॅट्समन, आपल्याला आउट केलं की बाळूला आठ आणे द्यायचा, असं सांगतात. खरं असो वा नसो, डावखुरी स्पिन त्या नेटमध्येच तयार झाली. बॅटिंग मात्र त्याला कुणी दिली नाही.

पुण्याच्या हिंदू खेळाडूंना गोऱ्यांना हरवायचं होतं, म्हणून त्यांनी बाळूला संघात घेतलं. मैदानावर सगळे एकच बॉल हाताळायचे. चहाची सुट्टी झाली की बाळूला चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यातून. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या टेबलावर. विकेट काढून दिलेली चालायची, कप चालायचा नाही. पुढे बाळू मुंबईत आला आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागला.

१९०६ मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवलं. हिंदू २४२ आणि १६०, युरोपियन १९१ आणि १०२. बाळूनं सामन्यात आठ विकेट घेतल्या. बंगालच्या फाळणीवरून स्वदेशीची चळवळ पेटलेली होती, त्या दिवसांत हा विजय निव्वळ क्रिकेटचा राहणं शक्यच नव्हतं. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ सामन्यामागून सामने हरत राहिला, पण बाळूनं त्या दौऱ्यात ११४ विकेट काढल्या. परत आल्यावर मुंबईत दलित समाजानं त्याचा सत्कार केला. त्याचं मानपत्र लिहिणारा तरुण तेव्हा एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत होता. नाव भीमराव आंबेडकर.

आता तुम्ही-आम्ही चाहते म्हणून साधा हिशोब मांडू. संघातला सगळ्यात अनुभवी खेळाडू कोण? बाळू. सगळ्यात जास्त सामने जिंकून देणारा कोण? बाळू. मग कॅप्टन कोण? दर सीझनला हा प्रश्न निघायचा आणि दर सीझनला कॅप्टन दुसराच कुणी व्हायचा, उच्च जातीतला. १९१३ मध्ये एम. डी. पै यांना कॅप्टन केलं गेलं, तेव्हा खुद्द पैंनीच जाहीरपणे सांगितलं की हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी बाळूला मिळायला हवा होता. कॅप्टन स्वतः हे म्हणतोय, तरी निवड समिती ढिम्म.

मला या गोष्टीत स्कोअरकार्डाची भूमिका फार महत्त्वाची वाटते. ऑफिसात, शाळेत, देवळात माणसाला डावललं तर त्याची लायकी किती होती यावर कुणीही काहीही बोलू शकतो. क्रिकेटमध्ये आकडे छापून येतात. गिरगावातला कारकून असो की परळच्या गिरणीतला कामगार, पेपर हातात घेतला की त्याला दिसायचं की विकेट कुणाच्या नावावर आहेत आणि कॅप्टन म्हणून नाव कुणाचं आहे. जातीमुळे माणूस डावलला जातो याचा इतका उघड, दरवर्षी नव्यानं छापला जाणारा पुरावा त्या काळी दुसरा कुठला असेल, असं मला वाटत नाही.

पण नुसत्या पुराव्यानं काही हललं नाही, हेही तितकंच खरं. हललं ते १९२० मध्ये. त्या वर्षी पै आजारी होते. नेतृत्व पुण्याच्या प्रा. दि. ब. देवधरांकडे गेलं आणि चव्वेचाळिशीत पोचलेल्या बाळूला संघातूनच वगळलं. बाळूचे धाकटे भाऊ विठ्ठल आणि शिवराम हेही त्याच संघातले खेळाडू. विठ्ठल तर तोवर हिंदूंचा मुख्य बॅट्समन झालेला होता. दोघा भावांनी संघातून माघार घेतली आणि तसं जाहीर निवेदन दिलं. आमच्यावरचा हा अन्याय जातीमुळे आहे, हे त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिलं. तोपर्यंत जे कट्ट्यावर कुजबुजत बोललं जायचं ते आता छापून आलं.

वेळही अशी होती की दुर्लक्ष करणं अवघड. त्याच डिसेंबरात नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं आणि असहकाराच्या ठरावात अस्पृश्यता दूर करण्याचं आवाहन केलं गेलं. म्हणजे नागपूरला एक ठराव आणि मुंबईच्या मैदानावर नेमकं उलटं वागणं. जिमखान्याला पाऊल मागे घ्यावं लागलं. फायनलला भाऊ परतले, पै कॅप्टन झाले आणि बाळू व्हाइस-कॅप्टन. पै काही वेळ मैदानाबाहेर गेले तेव्हा बाळूनं संघ चालवला. तेवढंच.

१९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचा कॅप्टन झाला. त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांना हरवलं आणि लोकांनी विठ्ठलला खांद्यावर उचलून घेतलं. ज्याच्या स्पर्शाचा विटाळ मानायचे त्याला खांद्यावर. पुढे विठ्ठलनं ‘माझे क्रीडा-जीवन’ या नावानं आत्मचरित्र लिहिलं. मराठीत क्रिकेटपटूंची आत्मचरित्रं ढिगानं आहेत, पण हे आवर्जून शोधून वाचावं असं आहे.

इथं गोष्ट गोड करून संपवता आली असती. पण बाळूची गोष्ट पुढे परळला पोचते आणि अवघड होते. १९३२ च्या पुणे करारावर सही करणाऱ्यांमध्ये आंबेडकरांबरोबर बाळूचंही नाव आहे, पण राजकारणात दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या होत्या. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत भायखळा-परळ मतदारसंघातल्या राखीव जागेवर डॉ. आंबेडकर उभे राहिले, ज्या परळच्या चाळीत त्यांनी वीसेक वर्षं काढली तिथून. काँग्रेसनं त्यांच्याविरुद्ध उमेदवार दिला पी. बाळू. पंचवीस वर्षांपूर्वी ज्याचं मानपत्र लिहिलं, तोच समोर. आंबेडकरांना १३,२४५ मतं पडली, बाळूला ११,२२५. फरक दोन हजार वीस मतांचा.

एका चाहत्यानं काय करायचं अशा वेळी? बाळूची विकेट डोक्यावर घेऊन नाचलेला आणि आंबेडकरांच्या सभेला गर्दी करणारा माणूस परळ-लालबागच्या त्या गल्ल्यांमध्ये एकच असू शकतो. त्याला त्या दिवशी एकच निवडायचं होतं.

स्पर्धेवरचा वाद मात्र आता कॅप्टनच्या पुढे गेला होता. १९३७ मध्ये नव्या ब्रेबॉर्न स्टेडियममध्ये आपल्या वाट्याला जागा कमी आल्या म्हणून हिंदू संघ खेळलाच नाही. १९४० मध्ये हिंदू जिमखान्याचे लोक गांधीजींना भेटले. धर्माच्या नावानं संघ पाडून खेळणं बंद करावं, असं त्यांचं मत पडलं. त्या सीझनलाही हिंदू संघ बाहेर राहिला. पंचरंगी हवी की नको, यावर शहर दुभंगलं. हवी म्हणणारे सांगायचे, मैदानावर कुठे भांडणं होतात? नको म्हणणारे विचारायचे, मैदानाबाहेर काय होतं आहे ते दिसत नाही का?

गंमत म्हणजे दोघांकडेही दाखवायला उदाहरणं होती. १९४३ची स्पर्धा घ्या. ‘द रेस्ट’कडून खेळणारा सांगलीचा विजय हजारे, धर्मानं ख्रिस्ती. त्यानं मुस्लिम संघाविरुद्ध २४८ केले. फायनलमध्ये हिंदूंच्या विजय मर्चंटनं नाबाद २५० करून तो आकडा मागे टाकला. हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला, रेस्ट १३३ मध्ये गुंडाळले गेले. फॉलोऑन. मग हजारेनं एकट्यानं ३०९ केले. संघाच्या एकूण धावा ३८७. त्याचा भाऊ विवेकबरोबर ३०० धावांची भागीदारी झाली, त्यात विवेकचे २१. रेस्ट तरीही एक डाव आणि ६१ धावांनी हरले. त्यानंतर थोड्याच दिवसांत मर्चंटनं रणजीत महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ ठोकले. हजारे मोठा की मर्चंट, हा वाद मुंबईत मग कितीतरी वर्षं रंगला, आणि त्यात धर्म विचारायची गरज कुणाला पडली नाही. पुढच्याच वर्षी फायनलमध्ये मुस्लिम संघानं हिंदूंना एका विकेटनं हरवलं. के. सी. इब्राहिम सुरुवातीला येऊन शेवटपर्यंत नाबाद राहिला, १३७ वर. हाच इब्राहिम रणजीत मर्चंटबरोबर मुंबईकडून खेळायचा.

तरीही १९४६ नंतर पंचरंगी झाली नाही. इब्राहिम १९४८-४९ मध्ये भारताकडून कसोटी खेळला आणि नंतर पाकिस्तानात स्थायिक झाला.

१९४८ मध्ये मुंबईत कांगा लीग सुरू झाली, डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावानं, ऐन पावसाळ्यात ओल्या पिचवर खेळली जाणारी. क्लबांची लीग. मग दादर युनियन विरुद्ध शिवाजी पार्क जिमखाना ही चुरस अशी पेटली की रविवारी माणसं कुंपणाला चिकटून उभी राहायची. एकीकडे माधव मंत्री, सुनील गावस्कर, दिलीप वेंगसरकर. दुसरीकडे अजित वाडेकर, संदीप पाटील, पद्माकर शिवलकर. शिवलकरनं प्रथम श्रेणीत ५८९ विकेट घेतल्या आणि एकही कसोटी त्याच्या वाट्याला आली नाही. शिवाजी पार्कात यावरून अजून आवाज चढतात. चढू देत. चुरस टिकवायला माणसांची विभागणी धर्मानं करावी लागत नाही, हे दादर-माटुंग्याच्या या दोन क्लबांनी दाखवून दिलं.

हे सगळं जुनं आहे असं वाटत असेल तर २०२१ आठवा. दुबईत पाकिस्तानकडून मॅच हरलो आणि त्या रात्री मोहम्मद शमीच्या अकाउंटवर काय काय लिहिलं गेलं ते आठवा. अकरा जण हरले होते. शिव्या कुणाला पडल्या आणि कशावरून पडल्या? पंचरंगीत निदान संघाच्या नावातच धर्म लिहिलेला असायचा. आपण तो एका टीमच्या आत शोधून काढला.

म्हणून पुढच्या सीझनच्या शेवटी वाद घालताना मी एक गोष्ट स्वतःला विचारणार आहे. समोरच्या खेळाडूचे आकडे तेच ठेवले आणि फक्त आडनाव बदललं, तर माझं मत तेच राहील का? हिंदू जिमखान्याच्या निवड समितीसमोर दहाएक वर्षं हाच प्रश्न होता. पालवणकर बाळू १९५५ मध्ये वारला. हिंदू संघाचा कॅप्टन म्हणून त्याची निवड कधीच झाली नाही.