फिदेल आणि कुबे

इथिओपियात ऐंशीहून अधिक भाषा बोलल्या जातात. त्यांत दोन मोठी घराणी शेजारी नांदतात. अम्हारिक आणि तिग्रिन्या या सेमिटिक, म्हणजे अरबी आणि हिब्रूच्या नात्यातल्या. ओरोमो, सोमाली, अफार, अगाव या कुशितिक. या घराण्यांचं आपसातलं नातं त्यांच्या लिपीच्या इतिहासात जितकं उघड दिसतं, तितकं क्वचितच दुसरीकडे दिसतं.

तिथल्या जुन्या लिपीला फिदेल म्हणतात. तिचं मूळ तांबड्या समुद्रापलीकडच्या दक्षिण अरबी लिपीत आहे. ती लिपी उजवीकडून डावीकडे जाई आणि तिच्यात फक्त व्यंजनं लिहीत. अक्सुमच्या राज्यात ती गीझ भाषेसाठी वापरात आली, तिची दिशा पालटली आणि इसवी सनाच्या चौथ्या शतकात, एझाना राजाच्या काळात, अक्षरांना स्वर जोडले गेले. अक्षराच्या मूळ रूपातच एक स्वर गृहीत धरायचा आणि बाकीच्यांसाठी त्याच अक्षराला कुठे रेघ, कुठे कडी लावायची. एका व्यंजनाची अशी सात रूपं होतात. मराठी माणसाला ही बाराखडीच वाटेल. ही कल्पना भारतातून गेली असावी, असं काही अभ्यासकांनी सुचवलंही आहे. ते सिद्ध झालेलं नाही. पण व्यापार होता हे नक्की. इथिओपियातल्या देब्रे दामोच्या मठात कुशाणांची सोन्याची नाणी सापडली आहेत.

गीझ बोलीतून गेली, धर्माची भाषा म्हणून राहिली. लालिबेलाची खडकात कोरलेली चर्च ज्या झाग्वे राजांच्या नावाशी जोडली जातात, ते अगाव, म्हणजे कुशितिक कुळातले; तरी त्यांच्या चर्चमध्ये उपासना गीझमध्येच होई. उलट अम्हारिकवर कुशितिकची छाप इतकी खोल आहे, की अरबीची ही नातलग क्रियापद वाक्याच्या शेवटी ठेवते. घेणंदेणं दोन्हीकडून झालं. लिहिण्याचा मान मात्र एकाच घराण्याकडे राहिला.

ओरोमो ही देशातली सर्वांत मोठी भाषिक जमात. लहानपणी गुलाम म्हणून विकले गेलेले आणि पुढे मुक्त झालेले ओनेसिमोस नेसिब यांनी बायबल ओरोमोत आणलं. त्यांच्या सहकारी अस्तेर गन्नो याही गुलामगिरीतून सुटलेल्या. ओरोमो गाणी, म्हणी आणि कथा त्यांनी गोळा केल्या. हे बायबल 1899 साली स्वित्झर्लंडमध्ये छापलं गेलं, आणि तेही फिदेलमध्ये.

अडचण ध्वनींची होती. ओरोमोत स्वर पाच, पण प्रत्येक ऱ्हस्व आणि दीर्घ. ‘हर’ म्हणजे तळं, ‘हारा’ म्हणजे नवं. ‘बदा’ वाईट, ‘बद्दा’ डोंगराळ मुलूख. फिदेल ना दीर्घत्व दाखवते ना द्वित्त. अम्हारिकचंही त्यामुळे अडतं, पण तिचे वाचक संदर्भावरून जाणतात. शेख बकरी सपालो यांनी 1956 मध्ये ओरोमोसाठी स्वतंत्र लिपी घडवली. सरकारने ती दडपली आणि शेख 1980 साली निर्वासित म्हणून वारले. सम्राट हैले सेलासींच्या राजवटीत शाळा, कचेरी, न्यायालय, सगळीकडे अम्हारिकच होती. ओरोमोत छापायलाही मज्जाव होता. 1974 च्या क्रांतीनंतर साक्षरता मोहीम निघाली, ओरोमोलाही त्यात जागा मिळाली, पण लिपी फिदेलच राहिली.

राजवट पुन्हा उलथली आणि नोव्हेंबर 1991 मध्ये अदिस अबाबात भरलेल्या मोठ्या सभेत ओरोमोंनी लॅटिन अक्षरं स्वीकारली. तीच कुबे. दीर्घ स्वर दोनदा लिहायचा, द्वित्त व्यंजनही दोनदा. एक्स, सी, क्यू ही अक्षरं घशाला झटका देऊन उच्चारायच्या ध्वनींसाठी वापरायची.

फिदेल ओरोमोला पेलतच नव्हती, हे कारण मला अर्धंच पटतं. व्याकरणाच्या पुस्तकांत द्वित्तासाठी अक्षरावर ठिपके देतात. तशीच दीर्घत्वाची खूणही रूढ करता आली असती. खरं कारण मज्जावाचं होतं. जी लिपी आपल्या भाषेला दाराबाहेर ठेवणाऱ्यांची म्हणून अनेक पिढ्यांनी पाहिली, ती दुरुस्त करून वापरा, असं ओरोमोंना सांगणं अन्यायाचं झालं असतं. त्यांचा निर्णय मला योग्य वाटतो.

1995 च्या राज्यघटनेच्या पाचव्या कलमाने सर्व भाषांना समान मान्यता दिली, पण केंद्राचं कामकाज अम्हारिकमध्येच ठेवलं. 2020 मध्ये सरकारने त्यात आणखी चार भाषा आणण्याचं ठरवलं: ओरोमो, तिग्रिन्या, सोमाली, अफार. यांतली एकटी तिग्रिन्या फिदेलमध्ये लिहिली जाते. तिन्ही कुशितिक भाषा आज लॅटिन अक्षरांत आहेत.