भंडारा लोकसभा मतदारसंघ (जुना)

भंडारा लोकसभा मतदारसंघ : नागपूर विभागातील, वैनगंगेच्या खोऱ्यात पसरलेला भूतपूर्व संसदीय मतदारसंघ. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी तो आखला गेला आणि २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत त्याच्या जागी भंडारा-गोंदिया हा मतदारसंघ आला. दुहेरी प्रतिनिधित्वाची पद्धत, सरकारी कंत्राटामुळे येणारी अपात्रता आणि पंथांतरानंतर टिकणारी जात या तिन्ही प्रश्नांची कसोटी स्वतंत्र भारताच्या पहिल्याच निवडणुकीच्या निमित्ताने येथे लागली, हे त्याचे ऐतिहासिक महत्त्व होय.

क्षेत्र : भंडारा जिल्हा हा या मतदारसंघाचा गाभा होता. भातशेती व तिला पाणी पुरवणारे मालगुजारी तलाव, तुमसर परिसरातील मँगनीजच्या खाणी आणि तेंदूपत्त्यावर चालणारा विडी उद्योग ही येथील अर्थजीवनाची मुख्य अंगे असून पोवार, कुणबी, तेली, कोहळी, महार, गोंड आणि हलबा हे लोकसंख्येतील प्रमुख समाज आहेत. पहिल्या निवडणुकीच्या वेळी हा जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या तत्कालीन मध्य प्रदेश राज्यात मोडत होता. राज्य पुनर्रचनेनंतर, १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला.

दुहेरी मतदारसंघ : पहिल्या लोकसभेच्या ४८९ निर्वाचित जागा ४०१ मतदारसंघांत वाटलेल्या होत्या व त्यांपैकी ८६ मतदारसंघ दोन सदस्यांचे होते. अशा मतदारसंघात एक जागा सर्वसाधारण, तर दुसरी अनुसूचित जाती किंवा जमातींसाठी राखीव असे. प्रत्येक मतदाराला दोन मते मिळत, मात्र ती दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. त्यामुळे राखीव जागेचा निकालही सर्व समाजांच्या मतदारांवर अवलंबून राही. आपल्या उमेदवाराच्या प्रतिस्पर्ध्याला लाभ होऊ नये म्हणून दुसरे मत न वापरता वाया घालवण्याचा मार्ग मतदारांना मोकळा होता आणि त्याला ‘मत कुजवणे’ असे म्हटले जाई. भंडारा हा या वर्गातील मतदारसंघ होता. १९५१-५२ मध्ये सर्वसाधारण जागेवर चतुर्भुज जसानी आणि राखीव जागेवर तुलाराम साखरे हे काँग्रेसचे उमेदवार येथून निवडून आल्याचे जाहीर झाले.

निवडणूक खटला : या निकालाविरुद्ध निवडणूक न्यायाधिकरणाकडे, म्हणजे निवडणुकीच्या तक्रारी ऐकण्यासाठी नेमलेल्या खास न्यायपीठाकडे अर्ज झाला व प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ‘चतुर्भुज विठ्ठलदास जसानी विरुद्ध मोरेश्वर परशराम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्याचा निकाल फेब्रुवारी १९५४ मध्ये लागला. निकालपत्र न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी लिहिले, जे त्याआधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. न्यायालयापुढे दोन मुख्य प्रश्न होते. जसानी हे मूलजी सिक्का आणि कंपनी या विडी व्यवसायातील पेढीचे भागीदार होते आणि या पेढीने सैनिकांसाठी सरकारला विड्या पुरवण्याचे कंत्राट घेतले होते. सरकारला माल पुरवण्याच्या कंत्राटात हितसंबंध असलेली व्यक्ती लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ अन्वये अपात्र ठरत असे. हे कंत्राट संविधानाच्या २९९ व्या अनुच्छेदाने सांगितल्याप्रमाणे राष्ट्रपतींच्या नावाने झालेले नसल्याने ते कंत्राटच नव्हे, हा बचाव न्यायालयाने स्वीकारला नाही. असा करार सरकारवर बंधनकारक नसला तरी सरकार त्याला मागाहून मान्यता देऊ शकते, म्हणून अपात्रतेपुरते ते कंत्राटच होय, असा निर्वाळा न्यायालयाने दिला.

दुसरा प्रश्न राखीव जागेचा होता. गंगाराम ठवरे यांनी महानुभाव पंथ स्वीकारला असल्याने ते महार राहिले नाहीत, या कारणावरून त्यांचा उमेदवारी अर्ज नाकारला गेला होता. पंथ बदलल्याने जात सुटते का, हे ठरवताना जुन्या समाजाची प्रतिक्रिया, व्यक्तीचा स्वतःचा हेतू आणि नव्या पंथाचे नियम या तीन गोष्टी पाहाव्या लागतात, असे न्यायालयाने सांगितले. महार समाजाने ठवरे यांना आपल्यातलेच मानले होते आणि त्यांनीही समाजाशी नाते तोडले नव्हते, म्हणून त्यांचा अर्ज नाकारणे अयोग्य ठरले. परिणामी दोन्ही जागांची निवडणूक रद्दबातल होऊन पोटनिवडणूक घ्यावी लागली.

१९५४ ची पोटनिवडणूक : मे १९५४ मध्ये झालेल्या या पोटनिवडणुकीत राखीव जागेसाठी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. १९५२ मध्ये मुंबईत नारायण काजरोळकर यांच्याकडून पराभूत झाल्यानंतर ते राज्यसभेवर गेले होते. भंडाऱ्यात काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांनी त्यांचा आठ-नऊ हजार मतांच्या फरकाने पराभव केला, तर सर्वसाधारण जागा प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता यांनी जिंकली. दुसरे मत कुजवल्यास विजय सुकर होईल, असे कार्यकर्त्यांनी सुचवले असता संविधानाच्या शिल्पकाराने मत वाया घालवण्याचा सल्ला देणे योग्य नव्हे, अशी भूमिका आंबेडकरांनी घेतल्याचे आंबेडकरी चळवळीत सांगितले जाते. लोकांतून थेट निवडून येण्यासाठी त्यांनी लढवलेली ही अखेरची निवडणूक ठरली. भाऊराव बोरकर यांच्या निधनानंतर १९५५ मध्ये त्यांच्या पत्नी अनसूयाबाई बोरकर या जागेवर निवडून आल्या.

उत्तरकाल : १९५७ मध्ये काँग्रेसचे रामचंद्र हजरनवीस आणि राखीव जागेवर बाळकृष्ण वासनिक विजयी झाले. १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ बंद झाल्यावर १९६२ मध्ये भंडारा एका सदस्याचा मतदारसंघ उरला आणि शेजारी निर्माण झालेल्या गोंदिया या राखीव मतदारसंघातून वासनिक निवडून आले. अशोक मेहता १९६७ मध्ये पुन्हा भंडाऱ्यातून लोकसभेवर गेले, परंतु या वेळी काँग्रेसचे उमेदवार आणि केंद्रीय मंत्री म्हणून. १९७७ मध्ये जनता पक्षाचे लक्ष्मणराव मानकर, १९८० व १९८४ मध्ये काँग्रेसचे केशवराव पारधी आणि १९८९ मध्ये भारतीय जनता पक्षाचे खुशाल बोपचे निवडून आले. १९९१, १९९६ व १९९८ या तिन्ही निवडणुका काँग्रेसचे प्रफुल्ल पटेल यांनी जिंकल्या. त्यानंतर १९९९ मध्ये चुन्नीलाल ठाकूर आणि २००४ मध्ये शिशुपाल पटले या भाजपच्या उमेदवारांकडे ही जागा गेली. पटले यांनी राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये गेलेल्या पटेल यांचा सुमारे तीन हजार मतांनी केलेला पराभव ही या मतदारसंघाची शेवटची लढत होय.

पुनर्रचना आणि वारसा : १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. २००१ च्या जनगणनेवर आधारलेली नवी रचना २००८ मध्ये लागू झाली तेव्हा दोन्ही जिल्ह्यांच्या नावांचा भंडारा-गोंदिया मतदारसंघ तयार झाला. त्यात तुमसर, भंडारा, साकोली, अर्जुनी-मोरगाव, तिरोडा आणि गोंदिया हे विधानसभा मतदारसंघ आले, तर गोंदिया जिल्ह्यातील आमगाव हा गडचिरोली-चिमूरमध्ये समाविष्ट झाला. जुन्या मतदारसंघाच्या खटल्यातील जातविषयक विवेचन मात्र कायद्यात टिकून राहिले. धर्मांतरानंतरच्या जातीबद्दलच्या ‘अरुमुगम विरुद्ध राजगोपाल’ या खटल्याचा डिसेंबर १९७५ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने भंडाऱ्याच्या निकालाचा आधार घेतला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात झालेल्या धम्मदीक्षेनंतर विदर्भातील लक्षावधी लोक बौद्ध झाले, पण केंद्राच्या अनुसूचित जातींच्या व्याख्येत बौद्धांना १९९० मध्येच स्थान मिळाले. ठवरे यांच्या बाबतीत न्यायालयाने जुन्या समाजाशी टिकलेले नाते पाहून निर्णय दिला होता, तर बौद्धांच्या बाबतीत अडसर अनुसूचित जातींविषयीच्या राष्ट्रपतींच्या आदेशातील धर्माच्या अटीचा असल्याने तो दूर करण्यासाठी संसदेलाच कायदा बदलावा लागला.