वेरूळचा डाव

छत्रपती संभाजीनगरात (आम्हा जुन्या खोडांच्या तोंडून अजून औरंगाबादच निसटते) ज्याचे बिऱ्हाड आहे, त्याला नातेवाइकांचा तुटवडा कधी पडत नाही. वेरूळ इथून जेमतेम तीस किलोमीटर. पाहुणे येतात ते नेमके मंगळवारी, आणि मंगळवारी वेरूळची लेणी बंद. म्हणजे मुक्काम एका दिवसाने वाढलाच.

बुधवारी पाहुणा कैलास पाहतो, मान दुखेपर्यंत वर बघतो, आणि पाय दुखतात म्हणून खाली बसतो. त्याला उठवून मी एकविसाव्या लेण्यात, रामेश्वरात नेतो. हे लेणे सहाव्या शतकातले, म्हणजे कैलासाचेही वाडवडील. तिथे शंकर-पार्वती फासे खेळत बसले आहेत. चौदाव्या लेण्यात, 'रावण की खाई'त, हाच देखावा पुन्हा आहे. दोघांच्या मधून भृंगी डोकावतो आहे. हा गृहस्थ प्रत्येक डावात असतो. स्वतः खेळत नाही, पण दान कुणाचे काय पडले ते त्याला आधी कळते. खाली नंदी, आणि त्याला छळणारे गण.

नंदीचे हाल का, हे पुराणातली कथा ठाऊक असली की उमगते. या डावात शंकर हरत जातात. चंद्रकोर जाते, दागिने जातात, शेवटी कौपीनसुद्धा जाते. मग देव रुसून रानात जातात आणि पार्वती भिल्लिणीचे रूप घेऊन त्यांना परत आणते. श्रीधरकवींनी १७१८ साली पुऱ्या केलेल्या 'शिवलीलामृता'च्या चौदाव्या अध्यायात हे सारे आहे. आपल्याकडे अकरावा अध्याय घरोघर वाचतात. चौदाव्यापर्यंत पोचणारे थोडे, त्यामुळे बऱ्याच नवऱ्यांना या हरण्याला केवढा मोठा आधार आहे याचा पत्ताच नसतो.

मागे आमचे पुण्याचे साडू आले होते. शिल्प पाहताच म्हणाले, "म्हणजे लुडो आपलाच! साहेबाने चोरला. मी वाचलंय कुठंतरी, वेरूळला पट कोरलाय म्हणून."

"रावसाहेब," मी म्हटले, "चोरला हे खरं. पण पुरावा इथं शोधू नका."

असे वाक्य पुस्तकांतून फिरत असते खरे. पण फासे वेगळे आणि पट वेगळा. फाशांचे वेड ऋग्वेदाइतके जुने. जुगारात बायको गमावलेल्या माणसाचा विलाप तिथे अख्ख्या सूक्तभर आहे. लुडोचा बाप मात्र फुलीच्या आकाराचा पट, म्हणजे आपला सारीपाट. हा इथला पट, असे बोट ठेवून दाखवता येईल असे या शिल्पांत काही नाही. त्याचा पक्का, मोजूनमापून लिहिलेला पुरावा मिळतो तो थेट अकबराच्या दरबारात, म्हणजे हजार वर्षांनी.

साडू हिरमुसले. मग म्हणाले, "बरं, सापशिडी तरी ज्ञानेश्वरांची ना? आपेगाव इथंच आहे की पैठणजवळ!"

आता आली पंचाईत. माउलींच्या नावावर काहीही खपते आणि नाही म्हणणाऱ्याला पाप लागते. मोक्षपट हा आपल्याकडचा खेळ, पापाचे साप आणि पुण्याच्या शिड्या त्यात होत्या, हे सोळा आणे खरे. पण साल घातलेले जे जुने पट सापडले ते अठराव्या शतकातले, आणि माउलींची समाधी १२९६ची. मधली चारशे वर्षे कुठल्या शिडीने चढायची? माउलींना मोठेपणासाठी सापशिडीची गरज आहे असे मला वाटत नाही.

अबुल फझलने 'ऐन-इ-अकबरी'त चौपट नीट समजावून सांगितला आहे. सोळा सोंगट्या, चार रंग, तीन फासे, पटाच्या चार बाजू आणि प्रत्येक बाजूला आठ-आठ घरांच्या तीन ओळी. आमच्या आजीच्या कापडी सारीपाटाचीही हीच बांधणी. पण बादशहाचे नियम आजीच्या वरताण. कधीकधी दोनशेवर माणसे खेळायला. सोळा डाव पुरे केल्याशिवाय कुणी घरी जायचे नाही. एखाद्याचे तीन-तीन महिने त्यात जात. आणि जो कंटाळून चुळबुळ करील त्याला प्यालाभर मद्य प्यावे लागे. शिक्षा म्हणून!

हा नियम ऐकल्यावर साडूंचा लुडोतला रस एकदम संपला आणि अकबरातला वाढला.

पुढची गोष्ट छोटी आहे. इंग्रजांनी हा खेळ उचलला, पट लहान केला, कवड्या आणि लांबट फासे काढून सहा बाजूंचा एकच फासा ठेवला, आणि १८९६ साली लुडो म्हणून त्याचे पेटंट घेतले. प्याला तेवढा राहिला. मात्र त्यात आता फासा घालून खुळखुळवतात.