निर्विषाणू माकडांची पैदास : एक ऐतिहासिक टिपण

इ. स. १९३२ साली न्यूयॉर्क येथे विल्यम ब्रेबनर या तरुण डॉक्टरास प्रयोगशाळेतील एक ऱ्हीसस माकड चावले. माकड दिसण्यात निरोगी होते; डॉक्टर मात्र थोड्याच दिवसांत मज्जासंस्थेच्या दाहाने मरण पावले. १९३४ साली सेबिन व राइट यांनी या रोगास कारण झालेल्या विषाणूचे वर्णन प्रसिद्ध केले. मृताच्या आडनावाच्या आद्याक्षरावरून त्यास ‘बी’ हे नाव मिळाले. (याच सेबिन यांची पोलिओची लस पुढे माकडाच्याच मूत्रपिंडपेशींवर वाढविली गेली.)

त्या लसींसाठी भारतातून लक्षावधी माकडे परदेशी गेली. रानातून धरलेली ही जनावरे एकत्र कोंडली जात, व एकाचा विषाणू दुसऱ्यास सहज लागे. १९६० साली स्वीट व हिलमन यांनी एसव्ही-४० हा विषाणू उजेडात आणला. ऱ्हीससच्या पेशींत तो निमूट राही. आफ्रिकी हिरव्या माकडाच्या पेशींत मात्र पोकळ्या पाडी. तोवर तो लसीतून असंख्य मुलांच्या शरीरांत गेला होता.

भारताने १९७८ साली निर्यात बंद केली, तेव्हा अमेरिकेस स्वतःच्या पैदाशीवाचून गत्यंतर उरले नाही. १९८७ साली पेन्साकोला येथे माकडे हाताळणाऱ्या कामगारांना, आणि त्यांतील एकाच्या पत्नीसही, ‘बी’ विषाणूची बाधा झाली. निवडक विषाणूंपासून मुक्त अशा वसाहती उभारण्याचे काम त्या दशकाच्या अखेरीस नेटाने सुरू झाले.

या कामातील खरी अडचण परीक्षेची होती. ‘बी’ विषाणू मज्जापेशींच्या गुच्छांत वर्षानुवर्षे दडून बसतो. रक्तातील प्रतिपिंडे कधी इतकी अल्प असतात की परीक्षा त्यांना चुकते. ‘डी’ प्रकारच्या रेट्रोव्हायरसचे याहून विचित्र : काही माकडांच्या रक्तात विषाणू असतो, पण प्रतिपिंडे मुळीच नसतात. तेथे विषाणूचाच शोध घ्यावा लागतो. म्हणून एकदा निर्दोष ठरलेल्या माकडावर कोणी विसंबत नाही. वयात येण्यापूर्वीच पिले आईपासून वेगळी करावयाची, लहान गटांत ठेवावयाची, पुनःपुन्हा रक्त तपासावयाचे आणि एक जरी बाधित निघाले तरी ते काढून उरलेल्यांची परीक्षा पहिल्यापासून करावयाची, असा हा क्रम आहे. मायलेकरांच्या या ताटातुटीची किंमत पिलांच्या वर्तनात दिसते, हेही नोंदविले पाहिजे.

अशा माकडांस सरसकट ‘रोगमुक्त’ म्हणणे मात्र चुकीचे होय. ज्या विषाणूंची नावे यादीत आहेत, तेवढ्यांपुरतीच ती मुक्त असतात; आणि एसव्ही-४० चे नाव १९६० पूर्वी कोणत्याच यादीत नव्हते.