बातमी दारात आणणारी फीड

2024 च्या जुलैत आपल्या प्रत्येक गटात एकच प्रश्न होता: लाडक्या बहिणीचा फॉर्म भरायची शेवटची तारीख कोणती? आधी 15 जुलै ठरली, मग 31 ऑगस्ट झाली. वयाची अटही 60 वरून 65 झाली. तरी जुनी तारीख लिहिलेले मेसेज मोबाइलवर फिरतच राहिले आणि बायका रोज बुडवून सेतू केंद्रापुढे रांगेत उभ्या राहिल्या. निरोप खोटा नव्हता, शिळा होता. ताजा निरोप थेट मुळापासून मिळवायची एक जुनी सोय आहे, तिचं नाव फीड. आज आम्ही तिचीच हकीकत सांगणार आहोत.

छापील मजकूर घरपोच येण्याची रीत आपल्या जिल्ह्याला नवी नाही. 1842 साली अहमदनगरहून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरहून, अमेरिकन मराठी मिशनचं ‘ज्ञानोदय’ निघालं. नियतकालिक म्हटलं की वर्गणी भरायची आणि अंकाची वाट पाहायची. नवा अंक निघाला का, हे विचारत छापखान्यात खेटे घालावे लागत नाहीत.

इंटरनेटवर मात्र ते खेटे सुरू झाले. वेबसाइट आपल्या जागी बसून राहते, नवीन काही आलं का ते पाहायला आपणच जायचं. दहा वेबसाइट, तर दहा हेलपाटे. मार्च 1999 मध्ये अमेरिकेतल्या नेटस्केप कंपनीत यावर तोड निघाली. ती काढणारे होते मद्रासच्या आयआयटीत शिकलेले रामनाथन गुहा आणि त्यांचे सहकारी डॅन लिबी. वेबसाइटने एक साधी यादी ठेवायची: मथळा, तारीख आणि पूर्ण मजकुराची लिंक. हीच फीड. तिला आरएसएसही म्हणतात. आपल्या फोनमधलं ‘रीडर’ ॲप थोड्या थोड्या वेळाने ती यादी बघून येतं आणि नवी नोंद दिसली की आपल्यापुढे ठेवतं. वेबसाइटला आपला फोन नंबर द्यावा लागत नाही. नंबर दिला की कर्जाचे नि लॉटरीचे फोन कसे सुरू होतात, हे तुम्हाला सांगायला नको.

2000 च्या अखेरीस डेव्ह वायनर यांनी या यादीत आवाजाची फाइल जोडायची सोय केली. आजचे पॉडकास्ट त्यातूनच आले, म्हणजे आम्हा रेडिओवर बोलणाऱ्यांचंही फीडशी नातं आहेच!

2005 साली गूगलने ‘रीडर’ काढला, लोकांना सवय लागली आणि 1 जुलै 2013 ला तो बंदही केला. 2018 च्या डिसेंबरात फायरफॉक्सनेही आपल्यातली फीडची सोय काढून टाकली. लोक फेसबुक नि व्हॉट्सॲपकडे गेले होते. आम्हाला हा बदल काही बरा वाटत नाही. फेसबुकवर आधी काय दिसावं ते कंपनी ठरवते. व्हॉट्सॲपवर कुणीही कधीचाही मेसेज पुढे ढकलतो. फीडमध्ये नोंद तारखेसकट आणि मूळ ठिकाणाहून येते.

फीड अजून चालू आहेत. रिझर्व्ह बँकेच्या अधिसूचनांची आहे, केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाची आहे, बीबीसी मराठीची आहे. मराठी विकिपीडियावर कोणतं पान बदललं, हेही फीडवर कळतं.

करायचं इतकंच: फोनमध्ये ‘फीडर’ किंवा ‘फीडली’ ॲप घ्या, अधिकचं चिन्ह दाबा, वेबसाइटचा पत्ता टाका. फीड असेल तर बहुतेक वेळा ॲप ती स्वतः शोधतं. एका गटात एका फोनवर पुरे. सचिवताईंनी बैठकीत हप्त्यांच्या आधी पाच मिनिटं नवे मथळे वाचून दाखवावेत. रिझर्व्ह बँकेचं इंग्रजी जड असतं, तिथे कॉलेजात जाणाऱ्या लेकी-सुनांना बसवा.

सगळ्याच कार्यालयांच्या वेबसाइटला फीड नसते. कुठे नुसती पीडीएफ टाकलेली असते, तिचा ॲपला पत्ताही लागत नाही. तिथे आलेल्या मेसेजमधला शासन निर्णयाचा क्रमांक आणि तारीख ग्रामपंचायतीत जाऊन ताडून पाहावी लागते.